बारा मतांचं अंतर

सप्टेंबर १९५० च्या सुरुवातीला काँग्रेस अध्यक्षपदाच्या निवडणुकीचे आकडे जाहीर झाले. पुरुषोत्तमदास टंडन १३०६, आचार्य कृपलानी १०९२, शंकरराव देव २०२. तीन आठवड्यांनी नाशिकला अधिवेशन भरणार होतं आणि त्याचं अध्यक्षपद टंडन भूषवणार हे नक्की झालं. हे आकडे कुणापुढेही ठेवले की पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: विरोधातली मतं फुटली, देव मध्ये आले नसते तर टंडन पडले असते.

बेरीज करून बघा. कृपलानींची १०९२ आणि देवांची २०२ मिळून होतात १२९४. टंडन तरीही बारा मतांनी पुढेच. मोजलेली मतं २६००, त्यांची निम्मी १३००, आणि टंडनांकडे त्याहून सहा जास्त. देवांच्या एकूण एक मतदाराने कृपलानींना मत दिलं असतं, तरी निकाल तोच राहिला असता. मतविभागणीचं कारण आपल्या राजकारणात इतकं हाताशी असतं की अनेकदा बेरीज न करताच ते पुढे केलं जातं.

तरीही हा निकाल जेमतेम वर्षभर टिकला. जिंकलेला अध्यक्ष घरी गेला, हरलेल्या दोघांपैकी एकाने नवा पक्ष काढला, दुसरा हळूहळू सत्तेच्या राजकारणातूनच बाजूला झाला, आणि जो उमेदवारच नव्हता तो अध्यक्षपदावर बसला. पक्षात दोन तट पाडणारा एखादा माणूस सर्वोच्च पदाच्या शर्यतीत असतो, तेव्हा त्याला आव्हान देणाऱ्यांचं काय होतं, हे समजून घ्यायला नाशिकइतकं चांगलं उदाहरण मला मराठी मुलुखात दुसरं दिसत नाही.

टंडन अलाहाबादचे. उत्तर प्रदेश विधानसभेचे अध्यक्ष, लांब दाढी, राहणी टोकाची साधी. चारित्र्याबद्दल त्यांच्या शत्रूंनाही शंका नव्हती. लोक त्यांना ‘राजर्षी’ म्हणत. वाद होता तो त्यांच्या विचारांचा. जून १९४७ मध्ये अखिल भारतीय काँग्रेस समितीपुढे फाळणीचा ठराव आला तेव्हा त्यांनी उघड विरोध केला होता. संविधान सभेत हिंदीसाठी ते इतके आग्रही होते की अंकसुद्धा नागरीच हवेत म्हणून अडून बसले. (या लेखातले आकडे ज्या लिपीत छापले आहेत तेच अंक. संविधान सभेने केंद्राच्या कारभारासाठी शेवटी आंतरराष्ट्रीय अंक स्वीकारले आणि टंडन त्या बाबतीत हरले.) निर्वासितांच्या प्रश्नावर, पाकिस्तानबद्दल, हिंदू परंपरेबद्दल ते जे बोलत त्याने पक्षातल्या एका मोठ्या वर्गाचं काळीज सुपाएवढं होई आणि दुसऱ्या वर्गाच्या अंगावर काटा येई. १९४८ मध्येही त्यांनी अध्यक्षपद लढवलं होतं. तेव्हा पट्टाभी सीतारामय्यांनी त्यांना हरवलं.

१९५० मध्ये सरदार पटेल त्यांच्या पाठीशी होते. पंतप्रधान नेहरूंनी ऑगस्टमध्ये टंडनांनाच पत्र लिहून कळवलं की तुमच्या निवडीने देशातल्या ज्या शक्तींना बळ मिळेल त्या मला घातक वाटतात. टंडन निवडून आले तर आपल्याला कार्यकारिणीत राहणं अवघड होईल, हेही त्यांनी पटेलांच्या कानावर घातलं होतं. म्हणजे लढत वरवर टंडन, कृपलानी आणि देव यांची, आणि आतून नेहरू-पटेलांची. मत कुणाला द्यायचं हे ठरवताना प्रतिनिधी मतपत्रिकेवर नसलेली दोन नावं मनात धरून बसले होते.

कृपलानींना या खेळाची ओळख होती. १९४६ मध्ये ते स्वतः अध्यक्ष झाले आणि नोव्हेंबर १९४७ मध्ये राजीनामा देऊन मोकळे झाले. सरकार पक्षाध्यक्षाला विचारत नाही, ही त्यांची तक्रार होती. सत्ता मंत्रिमंडळाकडे गेली की पक्षाच्या खुर्चीत काय उरतं, हा त्यांनी विचारलेला प्रश्न पुढच्या प्रत्येक अध्यक्षापुढे कधी ना कधी उभा राहिला. गंमत म्हणजे १९५० मध्ये त्याच खुर्चीसाठी ते सरकारप्रमुखाच्या पसंतीचे उमेदवार म्हणून ओळखले गेले.

शंकरराव देवांबद्दल आज आपल्याकडे फार कमी बोललं जातं. गांधीजींच्या विचारांचा माणूस. मुळशीच्या सत्याग्रहात सेनापती बापटांबरोबर होते, महाराष्ट्र काँग्रेसचे आधारस्तंभ, अखिल भारतीय काँग्रेसचे सरचिटणीस, संविधान सभेचे सदस्य. १९४६ च्या बेळगाव साहित्य संमेलनातून जी संयुक्त महाराष्ट्र परिषद उभी राहिली तिचं अध्यक्षपदही त्यांच्याकडेच आलं. पक्षाची यंत्रणा आतून पाहिलेला हा माणूस २०२ मतांवर थांबला. हरण्यात लाज नाही. पण या आकड्यातून एक गोष्ट कळते: पक्ष दोन तटांत विभागला गेला की तिसऱ्याचं स्वतःचं कर्तृत्व मोजायला कुणाला सवड नसते. प्रतिनिधी येतो तो ‘टंडन हवेत’ किंवा ‘टंडन नकोत’ हे सांगायला. ‘नकोत’ म्हणणाऱ्याला मग नकोतच्या बाजूचा सर्वांत दणकट माणूस लागतो. या दोन्हींच्या पलीकडचं काही सांगू पाहणाऱ्याच्या वाट्याला दहातलं एक मतही आलं नाही.

नाशिकच्या अधिवेशनात जे झालं ते निवडणुकीपेक्षाही बोलकं आहे. ज्या प्रतिनिधींनी तीन आठवड्यांपूर्वी टंडनांना निवडून दिलं, त्यांनीच धर्मनिरपेक्षतेवर, अल्पसंख्याकांवर आणि पाकिस्तानविषयक धोरणावर नेहरूंना हवे तसे ठराव मंजूर केले. माणूस पटेलांचा आणि धोरण नेहरूंचं, अशी ती वाटणी. नेहरू नाइलाजाने कार्यकारिणीत राहिले. टंडनांनी रफी अहमद किडवईंना मात्र बाहेर ठेवलं. १५ डिसेंबर १९५० रोजी मुंबईत सरदारांचं निधन झालं आणि टंडनांचा आधारच गेला. कृपलानींनी जून १९५१ मध्ये किसान मजदूर प्रजा पक्ष स्थापन केला. पहिली सार्वत्रिक निवडणूक तोंडावर आली होती. उमेदवार कोण निवडणार, अध्यक्ष की पंतप्रधान, हा प्रश्न आता पुढे ढकलता येत नव्हता. ऑगस्टमध्ये नेहरूंनी कार्यकारिणीचा राजीनामा दिला. अर्थ सरळ होता: मी किंवा ते. निवडणुकीत मतं कुणाच्या नावावर पडणार हे प्रत्येक प्रतिनिधीला ठाऊक होतं. सप्टेंबर १९५१ मध्ये टंडनांनी राजीनामा दिला आणि नेहरू अध्यक्ष झाले. १३०६ मतांचं कुणी नावही काढलं नाही.

हे पहिल्यांदा घडलं नव्हतं. बारा वर्षांपूर्वी, जानेवारी १९३९ मध्ये, सुभाषबाबूंनी पट्टाभींना १५८० विरुद्ध १३७७ असं हरवलं होतं. गांधीजींनी पट्टाभींचा पराभव हा माझाच पराभव असं जाहीर केलं, त्रिपुरीच्या अधिवेशनात गांधीजींच्या इच्छेनुसारच कार्यकारिणी नेमावी असा ठराव आला, आणि एप्रिलअखेर बोसांनी अध्यक्षपद सोडलं. बोस आणि टंडन विचारांनी दोन टोकांचे. नशीब एकच. पक्षाच्या मतपेटीत जिंकायचं आणि मतपेटीबाहेरच्या माणसापुढे हरायचं.

इथे थोडं थांबून मतदार कोण होते ते पाहायला हवं. १९५० मध्ये मत देणारे २६०० जण हे प्रतिनिधी होते. आजही काँग्रेस अध्यक्षाला मत देतात ते प्रदेश समित्यांचे सदस्य. ते तालुक्याच्या किंवा ब्लॉकच्या पातळीवरून वर जातात. डहाणू रोड स्टेशनवरून चारोटीकडे निघालं की वाटेत आशागड लागतं. तिथला एखादा शेतकरी चाळीस वर्षं काँग्रेसला मत देत आला असेल, पावती फाडून सदस्यही झाला असेल. अध्यक्षाच्या निवडणुकीत त्याचा हात मतपत्रिकेपर्यंत पोचत नाही. त्याच्या वतीने कुणीतरी प्रतिनिधी म्हणून गेलेला असतो, आणि तो कसा ठरला हे बहुतेकदा त्याला ठाऊक नसतं. २०२२ मध्ये मल्लिकार्जुन खर्गेंनी शशी थरूर यांना ७८९७ विरुद्ध १०७२ असं हरवलं. त्या लढतीत थरूर यांच्या बाजूने प्रतिनिधींच्या यादीबद्दलच तक्रारी झाल्या होत्या. मतदार कोण हे ज्याच्या हातात, त्याच्या हातात निम्मी निवडणूक, हे गावच्या सहकारी सोसायटीत कधी मत दिलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

महाराष्ट्राला लागलेला सर्वांत मोठा चटका १९९७ चा. नरसिंह राव पायउतार झाल्यावर सीताराम केसरी पक्षाध्यक्ष झाले होते. मार्च १९९७ मध्ये त्यांनी देवेगौडा सरकारचा पाठिंबा काढला आणि पक्षातलेच अनेक जण हबकले. जूनमध्ये अध्यक्षपदाची निवडणूक झाली. आव्हान द्यायला दोघे उतरले, शरद पवार आणि राजेश पायलट. केसरींना ६२२४ मतं, पवारांना ८८२, पायलटांना ३५४. इथे तर विभागणीची चर्चा करायचीही सोय नाही. दोघांची मिळून १२३६ होतात, केसरींच्या पाचव्या हिश्श्याएवढी. नाराजी पक्षभर असूनही मतपेटीत ती इतकी कमी का उतरली? कारण वर्षानुवर्षं खजिनदारी सांभाळलेल्या केसरींना प्रत्येक प्रदेशाची नस माहीत होती आणि मतदार हे त्याच यंत्रणेचे लोक होते. पवारांकडे त्यांचा महाराष्ट्र होता, आणि प्रदेशाबाहेर कुणी नेता कितीही मोठा असला तरी त्याचे प्रतिनिधी असतातच असं नाही.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. मार्च १९९८ मध्ये कार्यकारिणीने एका बैठकीत केसरींना बाजूला केलं आणि सोनिया गांधींना अध्यक्ष केलं. ६२२४ मतं या वेळीही कामी आली नाहीत. मे १९९९ मध्ये पवार, संगमा आणि तारिक अन्वर यांनी पक्षाने पंतप्रधानपदासाठी कुणाला पुढे करावं हा प्रश्न सोनियांच्या परदेशी जन्माच्या मुद्द्यावर उपस्थित केला, तिघे बाहेर काढले गेले, आणि जूनमध्ये राष्ट्रवादी काँग्रेस उभी राहिली. पक्षाच्या निवडणुकीत जो निकाल लागायचा तो लागला नाही, म्हणून तो राज्यभरच्या मतदारांपुढे गेला, असं मी याचं वाचन करतो.

भारतीय जनता पक्षात अध्यक्षपदासाठी प्रत्यक्ष मतदान होतच नाही म्हटलं तरी चालेल. तिथली लढत अर्ज भरण्याच्या आधीच संपते. जानेवारी २०१३ मध्ये नितीन गडकरींना दुसरी टर्म मिळावी म्हणून पक्षाची घटना आधीच बदलून ठेवली होती. ऐन वेळी यशवंत सिन्हांनी उमेदवारीचा अर्ज नेल्याची बातमी आली, गडकरींनी माघार घेतली आणि राजनाथ सिंह बिनविरोध आले. एकही मत पडलं नाही. तरी आव्हान होतंच.

आता अमेरिका. तिथलं राजकारण आपल्याला हल्ली रोज दिसतं, पण त्यातली प्रायमरी नावाची गोष्ट आपल्या डोक्यात नीट बसत नाही, कारण आपल्याकडे तिच्यासारखं काहीच नाही. प्रायमरी म्हणजे पक्षाचा उमेदवार कोण हे ठरवायला पक्षाच्या सामान्य मतदारांनी केलेलं मतदान. ते राज्याराज्यांत, वेगवेगळ्या तारखांना होतं आणि बहुतेक ठिकाणी सरकारच ते घेतं. तिथेही हे सुरुवातीपासून असं नव्हतं. १९१२ मध्ये माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट आपल्याच पक्षाच्या, पदावर असलेल्या टाफ्टविरुद्ध उतरले. ज्या थोड्या राज्यांत प्रायमरी झाल्या त्यांतल्या बहुतेक त्यांनी जिंकल्या. अधिवेशनात मात्र पक्षयंत्रणेने टाफ्टना उमेदवारी दिली. रूझवेल्ट नवा पक्ष काढून बाहेर पडले, मतं दुभंगली आणि डेमोक्रॅट विल्सन निवडून आले. आपल्या १९३९, १९५१ आणि १९९९ ची ही एकाच वर्षात घडलेली आवृत्ती. १९६८ मध्ये हर्बर्ट हम्फ्री यांना एकही प्रायमरी न लढता डेमोक्रॅटिक उमेदवारी मिळाली, शिकागोच्या रस्त्यांवर दंगल उसळली, आणि त्यानंतरच्या सुधारणांनी प्रायमरीचा कौल बंधनकारक होत गेला. तिथे आता मतपेटीबाहेरचा गांधी किंवा नेहरू उरलेला नाही. मोजणीत जो पुढे तोच पुढे.

पण मग मोजायचं कसं, यालाच सगळं महत्त्व येतं. २०१६ मध्ये रिपब्लिकन पक्षाकडून सतरा नावाजलेले उमेदवार उतरले. डोनाल्ड ट्रम्प हे पक्षात उभी फूट पाडणारं नाव. फेब्रुवारीत साउथ कॅरोलिनात त्यांना साडेबत्तीस टक्के मतं पडली. मार्को रुबियो आणि टेड क्रूझ यांना प्रत्येकी बावीस टक्क्यांच्या थोडी वर. तिथला नियम जिंकणाऱ्याला सगळं असा असल्यामुळे राज्याचे पन्नासच्या पन्नास प्रतिनिधी ट्रम्प यांच्या खात्यात गेले. तीनांतल्या दोन मतदारांनी दुसऱ्या कुणाला मत दिलेलं असताना! इथे विभागणी खरी होती, आणि ती कशामुळे झाली हे पाहण्यासारखं आहे. प्रत्येक आव्हानवीर दुसऱ्या आव्हानवीरावर तुटून पडत होता. हिशेब असा की ट्रम्प आपोआप कोसळतील, तेव्हा दुसऱ्या क्रमांकावर आपण असायला हवं. त्यामुळे माघार कुणीच वेळेवर घेतली नाही. हा हिशेब एकट्याने केला तर शहाणपणाचा आहे, सगळ्यांनी केला की आत्मघाताचा.

चार वर्षांनी डेमोक्रॅटांनी उलटं केलं. बर्नी सँडर्स आघाडीवर होते आणि पक्षातल्या मध्यममार्गी लोकांना ते पेलत नव्हते. मार्च २०२० मध्ये, अनेक राज्यांत एकाच दिवशी मतदान होतं त्या ‘मोठ्या मंगळवार’च्या आदल्या दोन दिवसांत, पीट बुटिजेज आणि एमी क्लोबुशार यांनी माघार घेऊन बायडन यांना पाठिंबा दिला आणि वारं फिरलं. शिवाय डेमोक्रॅटांचे प्रतिनिधी मतांच्या प्रमाणात वाटले जातात, त्यामुळे तीस-पस्तीस टक्क्यांवर अख्खं राज्य कुणाच्या खिशात जात नाही. २०२४ मध्ये रिपब्लिकनांकडे निकी हेलींच्या रूपाने एकच आव्हान उरलं. न्यू हॅम्पशायरमध्ये त्यांनी ४३ टक्के घेतले, व्हरमाँट आणि राजधानी वॉशिंग्टन जिंकलं, आणि ६ मार्चला थांबल्या. विरोधक एकवटले होते. पक्षच बदललेला होता. १९५० च्या बारा मतांसारखंच हे: बेरीज बरोबर, पण पुरत नाही.

या प्रायमरीच्या गणितात एक मराठी माणूसही आहे, आणि तो बळी म्हणून नव्हे. श्री ठाणेदार चिकोडीत जन्मले, बेळगावात वाढले, १९७९ मध्ये अमेरिकेत गेले, रसायनशास्त्रात डॉक्टरेट घेऊन उद्योजक झाले. २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक प्रायमरीत उतरले, स्वतःचे बक्कळ पैसे ओतले आणि तिघांत तिसरे आले. २०२२ मध्ये डेट्रॉइट परिसरातल्या अमेरिकी संसदेच्या जागेसाठी प्रायमरी झाली. नऊ उमेदवार. ठाणेदारांना २८ टक्के मतं पडली आणि तेवढ्यावर ते जिंकले. मतदारसंघ डेमोक्रॅटांचा बालेकिल्ला, त्यामुळे नोव्हेंबरची निवडणूक औपचारिकच होती. कृष्णवर्णीयांचं बहुमत असलेल्या डेट्रॉइट शहराला जवळपास सात दशकांत पहिल्यांदा कृष्णवर्णीय प्रतिनिधी उरला नाही. हे अनेकांना लागलं आणि २०२४ च्या प्रायमरीत त्यांना पाडायचा चंग बांधला गेला. दुसऱ्या क्रमांकाचे जुने प्रतिस्पर्धी अ‍ॅडम हॉलियर पुन्हा उभे राहणार होते, पण त्यांच्या अर्जावरच्या पुरेशा सह्या वैध ठरल्या नाहीत आणि नाव मतपत्रिकेवर आलंच नाही. उरलेल्यांपुढे ठाणेदारांनी निम्म्याहून अधिक मतं घेतली. बेळगावचा मराठी माणूस अमेरिकेत खासदार झाला म्हणून आपण पेढे वाटले ते ठीकच, पण त्या पहिल्या विजयामागे ७२ टक्के मतांची आठ ठिकाणी झालेली वाटणी होती, हेही वाचकाला ठाऊक असावं.

आपल्याकडे प्रायमरी नाही म्हणजे ती लढत होतच नाही असं नाही. ती मुख्य निवडणुकीत होते. पालघरने हे २०१८ मध्ये अगदी जवळून पाहिलं. भाजपचे खासदार चिंतामण वनगा यांच्या निधनाने पोटनिवडणूक लागली. वनगांचे पुत्र श्रीनिवास शिवसेनेकडून उतरले, भाजपने काँग्रेसमधून राजेंद्र गावितांना आणून तिकीट दिलं. राज्यात हे दोन्ही पक्ष एकत्र सत्तेत! वनगांचा वारसा कुणाकडे, हा प्रश्न पक्षाच्या आत मतदानाने सुटायला वावच नव्हता, म्हणून तो तलासरीपासून वसईपर्यंतच्या सगळ्या मतदारांपुढे आला. गावित २,७२,७८२, वनगा २,४३,२१०, बहुजन विकास आघाडीचे बळीराम जाधव २,२२,८३८, मार्क्सवादी किरण गहला ७१,८८७, काँग्रेसचे दामोदर शिंगडा ४७,७१४. साधारण एकतीस टक्क्यांवर खासदार. वर्षभरात युती जुळली, जागा सेनेकडे गेली, आणि गावितच सेनेच्या धनुष्यबाणावर उभे राहून जिंकले. कोणत्या पक्षाचा कोणता कार्यकर्ता याबद्दल काय म्हणत होता, हे मोजण्याची सोय कुठेच नव्हती.

डहाणू विधानसभेने या गणिताच्या दोन्ही बाजू पाहिल्या. २०१४ मध्ये सगळे मोठे पक्ष वेगवेगळे लढले आणि भाजपचे पास्कल धनारे निवडून आले. २०१९ मध्ये मार्क्सवाद्यांना काँग्रेस आघाडीचा पाठिंबा मिळाला आणि विनोद निकोले जिंकले. गोदावरी आणि शामराव परुळेकरांनी १९४५ मध्ये वारल्यांचा उठाव संघटित केला तेव्हापासून इथे लाल बावट्याचं जे ठरावीक मत आहे ते एकट्याने पुरत नाही, जोडीला दुसरं लागतं, हे इथला कुठलाही कार्यकर्ता बोटांवर मोजून सांगेल.

यावर उपाय म्हणून पसंतीक्रमाचं मतदान सुचवलं जातं. ते काही परकं नाही. कोकण पदवीधर मतदारसंघात पालघर जिल्हा येतो. तिथे ज्यांनी नाव नोंदवलंय त्यांनी जांभळ्या पेनाने १, २, ३ असे आकडे घातलेले आहेत. पहिल्या फेरीत कुणालाच ठरलेला कोटा गाठता आला नाही, तर तळातल्या उमेदवाराला बाद करून त्याच्या मतपत्रिकेवरची दुसरी पसंती मोजतात. मत वाया जात नाही, आणि ‘तू उभा राहिलास म्हणून तो आला’ हे भांडणही उरत नाही. काँग्रेसच्या स्वतःच्या घटनेतसुद्धा अध्यक्षपदाला दोनांहून अधिक उमेदवार असले तर पसंतीक्रम लिहायची तरतूद आहे. सर्वांत फूट पाडणाऱ्या उमेदवाराला ही पद्धत सर्वांत जड जाते, कारण त्याच्या चाहत्यांची पहिली पसंती भक्कम असते, पण बाकीच्यांच्या पत्रिकेवर तो दुसराही नसतो. टंडनांना मात्र तिनेही अडवलं नसतं. त्यांच्याकडे पहिल्याच फेरीत निम्म्याहून सहा मतं जास्त होती.

पक्षाच्या आत खरं मतदान झालं नाही तर कुणाचं काय बिघडतं, असं म्हणणाऱ्यांना गेल्या काही वर्षांतल्या महाराष्ट्राने उत्तर दिलं. शिवसेना फुटली, राष्ट्रवादी फुटली, आणि मूळ पक्ष कुणाचा हा प्रश्न निवडणूक आयोगापुढे गेला. १९६९ च्या काँग्रेस फुटीपासून आयोग तीन गोष्टी तपासतो: पक्षाची उद्दिष्टं, पक्षाची घटना, आणि बहुमत कुणाकडे. १७ फेब्रुवारी २०२३ च्या निर्णयात शिवसेनेची घटना लोकशाहीला धरून नाही असं म्हणत आयोगाने त्या कसोटीवर विसंबायला नकार दिला. ६ फेब्रुवारी २०२४ रोजी राष्ट्रवादीच्या बाबतीतही संघटनेतलं बहुमत भरवशाने मोजता येईना. मग दोन्ही वेळा उरले ते आमदार-खासदार. तेच मोजले गेले. लाखो सदस्यांच्या पावत्या कपाटात राहिल्या. पक्षांवर अंतर्गत निवडणुकांची सक्ती करायला आयोगाकडे फारसे दात नाहीत. नोंदणी रद्द करण्याचा सरसकट अधिकार त्याला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितलेलं आहे.

अमेरिकन प्रायमरीच्या सर्वांत जवळ जाणारी गोष्ट मला आपल्याकडे सापडते ती ग्रामपंचायतीत. सरपंच थेट जनतेतून निवडायचा कायदा २०१७ मध्ये आला, २०२० मध्ये रद्द झाला, २०२२ मध्ये परत आला. डहाणू-तलासरी अनुसूचित क्षेत्रात असल्यामुळे इथली सरपंचपदं आदिवासींसाठीच. ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं, त्यामुळे एकाच पक्षाचे दोन-तीन पॅनल समोरासमोर येतात आणि गाव त्यांच्यात निवड करतं. पाच वर्षं ज्याच्या नावाने पाडे दुभंगलेले असतात असा एक जण हमखास उभा असतो, आणि त्याच्याविरुद्ध चार. ज्याला सर्वाधिक मतं तो सरपंच, दुसरी पसंती नाही. म्हणून खरी मोजणी आधीच होते, अर्ज मागे घ्यायच्या दिवशी, दुपारी तीनच्या आत, तहसील कार्यालयाबाहेर. कोणाच्या पाड्यावर किती मतं, कोणाला उपसरपंचपद, कोणाच्या बायकोला पुढच्या खेपेला पंचायत समिती. चारांचे दोन झाले तर लढत, चारच राहिले तर तो येणार, हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत असतं. तरीही तीन वाजून जातात आणि एखादा ‘साहेबांना विचारून येतो’ म्हणून गेलेला परत आलेला नसतो.